आत्याच्या पसंतीची पेडलं

आमच्या विहाराच्या गायन मंडळात मी गिटार वाजवत असे, हे स्टेजकडे पाहणाऱ्यांना कळायचं. डोळे मिटून ऐकणाऱ्यांना ते कळायची काही सोय नव्हती. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला ढोलक आणि मध्ये माझी आत्या. आत्या मुलींच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेली. शाळेच्या मैदानावर तिला कधी माईक लागला नाही, आणि स्टेजवरही तिच्यापुढे तो केवळ रीत म्हणून ठेवलेला असे. त्या आवाजाशेजारी माझी गिटार म्हणजे पंगतीत चटणी वाढणारा माणूस. वाढून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आला नाही तरी कोणी चौकशी करत नाही.

एका जयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर सतरंज्या गोळा करताना आत्या मला म्हणाली, "तू वाजवून राहिली होती का नुसती धरून बसली होती, मले काही समजलं नाही."

"वाजवून राहिली होती."

"अच्छा," ती म्हणाली. त्या एका अच्छात माझं पूर्ण प्रगतिपुस्तक होतं.

मी तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात नोकरीला. चेरीतालला आमचं घर, आणि दोन गल्ल्या सोडून आत्याचं. आजोबा विदर्भातून इथे, हिंदी मुलखातल्या फॅक्टरीत आले, मग बाबा त्याच फॅक्टरीतून रिटायर झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि भांडण असेल तर दोन्ही, असा आमचा कारभार. गिटार मी कॉलेजात होस्टेलच्या एका मैत्रिणीकडून शिकले होते. घरात कोणी विरोध केला नाही. विरोध करण्याइतका गिटारचा आवाजच नव्हता.

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर गिटारवाल्यांचे व्हिडिओ पाहायला लागले, आणि त्यांच्या पायांशी मला पेडलं दिसली. पेडल म्हणजे विटेच्या तुकड्याएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने निघून ॲम्प्लिफायरकडे जाते. मधल्या बटणावर पाय दिला की आवाजाचं रूप बदलतं. कुठलं पेडल आवाज घुमवतं, कुठलं त्याची पुन्हा पुन्हा आवृत्ती काढतं, कुठलं त्याला खरखरीत करून टाकतं. अशी पाच-सहा पेडलं एका फळीवर बसवली की झाला पेडलबोर्ड. त्यातलं फझ नावाचं पेडल मला सगळ्यांत जास्त आवडलं. त्याने साधी तारसुद्धा अशी गुरगुरायची की पंगतीतल्या चटणीवाल्याने एकदम खुर्ची ओढून अध्यक्षस्थानी बसावं.

त्याच सुमारास मंडळाला एका भल्या गृहस्थाने साउंडचं सामान घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. आत्याच्या बैठकीत सगळे जमले. मी पेडल म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

ढोलकवाले भाऊ म्हणाले, "म्हणजे मिक्सरसारखं? यात टाकलं की त्यातून वाटून निघते?"

"तसंच समजा."

पेटीवाले काका काही बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नसत. रेल्वेतून रिटायर झालेले, किडकिडीत, आणि मांडीवर कायम नातवासारखी पेटी. ती पेटी त्यांच्या वडिलांची. तिला ते स्वतःच्या गमछाने पुसत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

बाबा म्हणाले, "ठेवायला फळी लागंल ना? ते मी बनवतो." बाबांना रिटायर झाल्यापासून बनवायला काही तरी हवंच असायचं.

आणि आत्या म्हणाली, "घेऊ. पण पसंत मी करीन. गाणं माझं आहे, तं आवाज माझ्या कानाले चालला पाहिजे."

नेपियर टाउनमध्ये एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वाद्यांचं दुकान होतं. खाली कोचिंग क्लास, शेजारी दातांचा दवाखाना. दुकानदार शेंडीसारखे केस बांधलेला तरुण होता, स्वतः ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. आत्याला पाहून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आइए माताजी, बैठिए."

"माताजी नहीं. मैडम."

"जी मैडम," तो म्हणाला, आणि पुढचा सगळा वेळ तो शाळेतल्यासारखा उभाच राहिला.

मी स्टुलावर गिटार घेऊन बसले. तो एकेक पेडल जोडून देई, मी वाजवी, आणि आत्या पर्स मांडीवर ठेवून निकाल देई. पहिलं डिस्टॉर्शन. मी जरा जोरातच तार छेडली. आत्याने डोळे मिटले.

"हे काय होय? चक्कीत गोटा गेल्यासारखं."

तेवढ्यात शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर दारात आला. "भैया, डॉक्टर साहब पूछ रहे हैं, ये क्या चला रहे हो? पेशेंट कुर्सी से उठकर खड़ा हो गया है। बोल रहा है, इतनी बड़ी मशीन से नहीं करवाना।"

दुकानदाराने हात जोडले आणि ते पेडल काढून ठेवलं. मग त्याने कोरस नावाचं पेडल जोडलं. आत्या म्हणाली, "टाकीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटून राहिलं. राहू दे." मग डिले आलं. मी एक सूर वाजवला, तो तीनचार वेळा मागे मागे उमटत गेला. आत्याने त्याचं सगळं बोलणं संपू दिलं.

"हे काहून एकच गोष्ट घोकून राहिलं?"

"आत्या, यालाच डिले म्हणतात. छान वाटते ना?"

"मी जिंदगीत एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं नाही," ती म्हणाली. डिले परत कपाटात गेलं.

फझ मी मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितलं होतं, पण दुकानदाराने उत्साहात ते आधीच काढलं. मी आवाज अगदी कमी केला, शेजारच्या पेशंटचा विचार करून. तरी आत्याने हातानेच थांब म्हटलं. "हे नाही. याले सर्दी झाली आहे."

आवाज घुमवणारं रिव्हर्ब मात्र तिला चाललं. विहाराच्या हॉलमध्ये कोणी नसताना गायल्यासारखं वाटतं म्हणाली. आणि आश्चर्य म्हणजे वा-वा पेडल तिला फारच आवडलं. हे पायाने पुढेमागे डोलवायचं असतं, आणि गिटार माणसासारखी 'वॉ, वॉ' करायला लागते. आत्याने ते दोनदा ऐकलं.

"हे बोलते," ती म्हणाली. "शब्द समजत नाही, पण बोलते. मागच्या बाकावरच्या पोरी अशाच बोलत. घे हे."

आता निघू या, असं मी म्हणणार तोच दुकानदार म्हणाला, "मैडम, ट्यूनर तो लेना ही पड़ेगा." ट्यूनर म्हणजे सूर तपासायचं पेडल. बटण दाबलं की गिटारचा आवाज बंद होतो आणि डबीवर दिवे लागतात. सूर उतरला असेल तर डावीकडे लाल, चढला असेल तर उजवीकडे लाल, आणि बरोबर असेल तर मधोमध हिरवा.

"आवाजच बंद होते?" आत्याने विचारलं.

"जी, एकदम बंद."

"हे सगळ्यात चांगलं आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, "गले का सुर भी बताता है क्या?"

दुकानदाराने कुठून तरी जोड शोधून त्याला माईक लावला. आत्याने पर्स बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि सा लावला. हिरवा दिवा लागला. ती सा धरून राहिली आणि दिवा जागचा हलला नाही. खालच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवणं थांबल्यासारखं वाटलं. कंपाउंडर पुन्हा दारात आला होता, पण यावेळी तक्रार घेऊन नाही.

"एकदम परफेक्ट, मैडम," दुकानदार म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

"अब तुम गाओ."

बिचाऱ्याने गायलं. दिवा डावीकडून उजवीकडे फिरत राहिला. आत्या उठताना त्याला म्हणाली, "बेटा, सुबह उठकर रियाज़ किया करो." त्याने मान डोलावली. अशी आम्ही तीन पेडलं घेऊन घरी आलो: एक घुमवणारं, एक बोलणारं आणि एक गप्प करणारं.

पुढच्या तालमीला आत्याने ट्यूनर माझ्याकडून मागून घेतला आणि विहाराच्या हॉलमध्ये सगळ्यांची परीक्षा सुरू केली. कोरसच्या बायका एकेक करून आल्या. कोणाचा दिवा हिरवा, कोणाचा लाल, हसणं-खिदळणं चाललं होतं. ढोलकवाल्या भाऊंनी "माझं काही सुरात नसते, मी तालातला माणूस" म्हणून सूट मागून घेतली. मग आत्याने माईक पेटीपुढे ठेवला.

काकांनी गमछाने पेटी पुसली, भाता हलवला आणि एक पट्टी दाबली. डावीकडे लाल. दुसरी दाबली. डावीकडे लाल. ते सरगमभर फिरून आले, आणि दिवा डावीकडून मध्ये यायला काही तयार झाला नाही. पेटी पूर्णच्या पूर्ण, इमानदारीने, एकसारखी उतरलेली होती.

काका सावकाश म्हणाले, "मशीन खराब आहे."

"मशीन चांगलं आहे, भाऊ," आत्या म्हणाली. "माझ्यासाठी हिरवं लागलं होतं."

काकांनी विचार केला. मग त्यांनी त्यांच्या स्वभावाच्या मानाने फार मोठं भाषण केलं. "ताई, तुम्ही बरोबर आणि पेटी चूक. तं मंग एवढी वर्षं तुम्ही हिच्यासोबत गाऊन कशा राहिल्या?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला माहीत होतं, आणि मला वाटतं ढोलकवाल्या भाऊंनाही, कारण ते एकदम छताकडे बघायला लागले. आत्याने इतक्या वर्षांत पेटी कधी ऐकलीच नव्हती. ती आपलं गात होती आणि पेटी आपली वाजत होती. पण हे तिच्या तोंडावर सांगणार कोण? काकांनी पेटी मिटली, झाकण लावलं आणि ते घरी गेले. पुढच्या तालमीला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

पेटीशिवायची तालीम विचित्र झाली. गिटार आता एकटीच साथीला होती आणि घुमवणाऱ्या पेडलामुळे चांगली ऐकूही येत होती. मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण कोरसच्या बायकांना गाणं उचलायला सूरच सापडेना, आणि त्या अर्ध्या गाण्यात माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मीच काकांना घालवलं. शेवटी आत्या एका संध्याकाळी म्हणाली, "चलो, पेटीवाल्या भाऊंकडे जाऊन येऊ."

माफी मागणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. काकांच्या घरी तिने चहा घेतला, सुनेची चौकशी केली, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीफ केली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, ते मशीन गिटारसाठी असते. गिटारलेच लावत जाऊ. पेटीले मशीन लागत नाही."

काका आतून पेटी घेऊन आले. मला म्हणाले, "पोरी, घरी जाऊन गिटार आण. इच्यासोबत लाव."

तेव्हापासून मी गिटार पेटीबरोबर लावायला लागले. म्हणजे दिव्याच्या हिशेबाने आम्ही सगळेच थोडे डावीकडे. ट्यूनरचा उपयोग फक्त आवाज बंद करण्यापुरता उरला. तो शोध आत्यालाही लागला होता. आलाप घ्यायचा असला की ती चप्पल काढून ठेवलेला पाय हळूच सरकवून बटण दाबायची आणि माझी गिटार गप्प करायची. आलाप झाला की पुन्हा दाबायची. माझ्या पेडलबोर्डवरचं सगळ्यांत जास्त वापरलं गेलेलं पेडल तेच, आणि ते मी क्वचितच वापरलं.

बोर्ड बाबांनी केला. मी लाकडाची हलकी फळी सांगितली होती. त्यांनी लोखंडी अँगल कापून, वेल्डिंग करवून, खाली चाकं लावून असं काही बनवलं की पाहणारा विचारी, यावर तोफ ठेवायची आहे का. दोघांनी धरल्याशिवाय ते उचलत नसे. बाबांनी त्याला हिरवा रंगही दिला होता. बोर्डावर जागा भरपूर उरली. ती रिकामी जागा बघून मला राहवेना, आणि मी पगारातून फझ घेऊन आले. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "तुझा पगार, तुझे कान. पण माझ्या गाण्यात वाजवू नको." मी म्हटलं, दोन गाण्यांच्या मधे वाजवीन. फझला जोडायची छोटी वायर माझ्याकडे नव्हती, तीही बाबांनीच बनवून दिली. घरच्या बेलची उरलेली वायर होती. जरा जास्तच लांब झाली, तर त्यांनी ती बोर्डाखाली नीट गुंडाळून ठेवली.

जानेवारीत आम्हाला आमच्या शहराजवळच्या पाटनला बोलावणं आलं. तिथे एक नवा विहार बांधला होता, त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम. दिवस मावळायला आला होता आणि थंडी अशी की ढोलकवाले भाऊ बोटं फुंकून गरम करत होते. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं घोंगड्या पांघरून आली होती. तो सगळा इलाका मटारवाल्यांचा. सतरंजीवर बसलेल्यांत बहुतेक शेतकरीच होते.

पहिली दोन गाणी चांगली झाली. मग आत्या पाणी प्यायला थांबली. मला वाटलं, हीच वेळ. मी फझवर पाय दिला.

तार छेडायच्या आधीच ॲम्प्लिफायरमधून एक माणूस बोलायला लागला. आवाज घोगरा, पण शांत आणि सभ्य. लोक स्टेजवर कोण बोलतंय ते शोधू लागले. काकांनी पेटीवरचे हात उचलून दाखवले, की मी नाही. मी घाबरून तार छेडली, त्या गुरगुरण्यात तो माणूस बुडाला, पण तार विझली की पुन्हा वर आला. तेवढ्यात आत्याने सवयीने पाय सरकवला आणि ट्यूनर दाबला. गिटार बंद झाली. माणूस बंद झाला नाही. उलट आता त्याला अडवायला कोणीच नव्हतं, आणि तो स्पष्ट ऐकू येऊ लागला.

रेडिओ होता तो. शेतकऱ्यांसाठीचा संध्याकाळचा कार्यक्रम. बाबांनी गुंडाळलेली बेलची वायर एरियलचं काम करत होती आणि ट्यूनरच्या पुढे जोडलेलं फझ ते पकडून मोठं करत होतं, हे मला नंतर दुकानदाराने समजावलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं, की नव्या विहाराच्या स्टेजवर, फुलांच्या माळा आणि मेणबत्त्यांसमोर, माझी गिटार हवामानाचा अंदाज सांगते आहे.

मी फझ बंद करायला पाय उचलला तोच पुढच्या रांगेतला एक म्हातारा हात वर करून म्हणाला, "रहने दो बिटिया, चलने दो।"

"...आज रात पाला पड़ने की संभावना है," ॲम्प्लिफायर म्हणाला. "किसान भाई शाम को खेत में हल्की सिंचाई करें..."

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. इकडच्या हिंदीत पाला म्हणजे पिकावर गोठून बसणारं दव, आणि मटारच्या शेंगांना ते एका रात्रीत जाळून टाकतं. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. आधी एक उठला, मग चार उठले, मग रांगाच्या रांगा उठल्या. घोंगड्या सावरत, आमच्याकडे बघून हात जोडत माणसं शेताला पाणी द्यायला निघून गेली. बायका आणि मुलं बसून राहिली. ती आपापल्या माणसांना ओरडून सांगत होती, मोटर कोणत्या खोलीत ठेवली आहे.

मी आत्याकडे बघायची हिंमत केली नाही. काका मात्र माझ्याकडे वाकून म्हणाले, "पेटीत हे होत नाही."

मी फझ बंद केलं. आत्याने घसा साफ केला आणि उरलेल्या बायकांसाठी पुढचं गाणं सुरू केलं. पूर्ण आवाजात, जणू मैदान भरलेलं आहे. परतीच्या गाडीत ती एकदाच बोलली. "माझ्या गाण्यातून आजपर्यंत कोणी उठून गेलं नव्हतं." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

आठवड्याभराने आत्याच्या दारात एक जीप थांबली. पाटनचा तोच पुढच्या रांगेतला म्हातारा, आणि सोबत मटारचं भरलेलं पोतं. त्या रात्री खरंच पाला पडला होता. ज्यांनी पाणी दिलं त्यांची शेतं वाचली होती. पोतं उतरवून घेताना तो आत्याला वाकून म्हणाला, "मैडम, आपकी मंडली ने बचा लिया।"

आत्याने ते अगदी सहज स्वीकारलं. "हाँ, हम लोग समाज के लिए ही गाते हैं," ती म्हणाली.

त्या रविवारी पूर्ण मंडळ आत्याच्या अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होतं. ढोलकवाल्या भाऊंचा वेग सगळ्यांत जास्त होता. काका एकेक शेंग उघडून, दाणे बघून, मगच ताटात टाकत. त्या दिवशी दुपारी घरोघरी मटारची उसळ झाली, निमोना म्हणजे वाटलेल्या मटारची इकडची रस्साभाजी झाली, आणि आमच्याकडे बाबांनी हट्टाने मटार घालून पोहेही करायला लावले.

पुढे मी दुकानातून चांगली, जाळी घातलेली वायर आणली आणि रेडिओ यायचा बंद झाला. फझ आता फक्त फझसारखं वाजतं. मी ते दोन गाण्यांच्या मधे थोडंसं वाजवते, आत्या तेवढा वेळ पाणी पिते. पुढच्या वर्षी पाटनला पुन्हा गेलो तेव्हा कार्यक्रमाआधी दोन-तीन शेतकरी स्टेजजवळ आले आणि त्यांनी माझ्या हिरव्या बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "दीदी, आज मौसम का क्या है?"

मी त्यांना सांगायला लागले की आता वायर बदलली आहे, आता ते येणार नाही. त्यांचे चेहरे उतरले. आत्याने मला कोपराने बाजूला केलं, माईक पुढे ओढला, आणि सकाळच्या पेपरात वाचलेलं हवामान त्यांना नीट, सावकाश, शाळेत धडा वाचून दाखवल्याप्रमाणे सांगितलं. मग काकांना म्हणाली, "द्या भाऊ, सूर."